बिघा, गुंठा आणि सॅबिन
(संस्थेच्या सभागृहात अभ्यासवर्गापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी बँकेत कारकून आहे. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, असे मी धरून चाललो होतो. तरीही आज ध्वनीसारख्या विषयावर बोलायला उभा आहे, याला कारण आपल्या अभ्यासवर्गातला अकरावीचा एक विद्यार्थी. गेल्या दिवाळीनंतर तो मोजमापांचे एक कोष्टक घेऊन माझ्याकडे आला. क्षेत्रफळाच्या रकान्यात एकर, हेक्टर, बिघा अशी नावे होती आणि त्यांच्याच रांगेत 'सॅबिन' असा एक शब्द होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत रोज सात-बारा बघता. मग सांगा, एक बिघा म्हणजे किती सॅबिन?"

मला वाटले, कुठल्या तरी परदेशी मुलखातले जमिनीचे माप असेल. बिघ्याचे चौरस फूट करू, सॅबिनचे चौरस फूट शोधू आणि भागाकार करून देऊ. कर्जाच्या अर्जावर आम्ही हेच करतो. पण सॅबिन हे जमिनीचे माप नाही, ते आवाज शोषून घेण्याचे माप आहे, असे कळले तेव्हा मी जरा ओशाळलो. त्याला म्हटले, महिनाभर थांब. त्या महिन्याचे तीन महिने झाले. आज त्याचे उत्तर देतो, आणि त्या उत्तराच्या ओघात आपल्या या सभागृहाविषयीही बोलणार आहे.

त्याआधी एक विनंती. मागच्या भिंतीलगत ज्या आजी आणि मावश्या बसल्या आहेत, त्यांच्यापैकी ज्यांना माझा प्रत्येक शब्द नीट कळतो आहे त्यांनी हात वर करावा. (तीन हात वर झाले.) बरे. आकडा लक्षात ठेवू.

आता जमिनीपासून सुरुवात करू, कारण ती आपल्या परिचयाची आहे. शिवकालात जमीन काठीने मोजत. काठीची लांबी पाच हात आणि पाच मुठी. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद अशी चौरस जमीन म्हणजे एक बिघा. बिघ्याचा विसावा भाग तो पांड, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. हिशोब सुटसुटीत आहे, पण त्यात एक मेख आहे. हात कोणाचा आणि मूठ कोणाची? मी माझ्या हाताने मोजले तर काठी नऊ फुटांच्या जरा आत भरते. आमच्या शाखेतल्या उंच शिपाईमामांच्या हाताने ती साडेनवाच्या घरात जाते. फरक अवघा अर्ध्या फुटाचा दिसतो. पण नऊ फुटांच्या काठीने बिघा होतो ३२,४०० चौरस फुटांचा आणि साडेनऊ फुटांच्या काठीने ३६,१०० चौरस फुटांचा. तीन गुंठ्यांहून अधिक जमीन त्या अर्ध्या फुटात दडलेली आहे. सरकारी काठी कोणती हे आधी ठरवावे लागे ते याचसाठी.

इंग्रजांनी काठीच्या जागी साखळी आणली. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तेहतीस फुटांची साखळी वापरत आणि तिचे सोळा आणे पाडत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठ्याचा सोळावा हिस्सा तो एक आणा, म्हणजे अडुसष्ट चौरस फूट आणि किंचित वर. आता सात-बारावर हेक्टर आणि आर असतात. एक आर म्हणजे १,०७६ चौरस फूट, गुंठ्यापेक्षा तेरा फुटांनी कमी. बोलताना लोक आर आणि गुंठा एकच धरतात आणि बांधावर येऊन भांडतात, हे जाता जाता.

पण माझ्या दृष्टीने त्या मोजणीतली खरी मोलाची गोष्ट वेगळीच आहे. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जी पद्धत सुरू केली, तिच्यात केवळ क्षेत्र मोजून काम संपत नसे. मातीची खोली, रंग आणि पोत पाहून जमिनीची प्रत लावत. उत्तम जमीन सोळा आणे, तिथून उतरत उतरत अगदी हलकी जमीन दोन आणे. म्हणजे दोन शेतकऱ्यांकडे प्रत्येकी चार एकर असले तरी एकाचे चार एकर सोळा आण्यांचे आणि दुसऱ्याचे आठ आण्यांचे. कागदावर क्षेत्र सारखे, पण आकारणीच्या दृष्टीने दुसऱ्याचे दोनच एकर. क्षेत्राला प्रतीने गुणायचे, ही त्यातली युक्ती. पिकाची आणेवारी, जिला आता आपण पैसेवारी म्हणतो, ती याच जातीची. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की आमच्या शाखेत पीककर्जाच्या वसुलीची चर्चा सुरू होते.

ही युक्ती मनात पक्की ठेवा. सॅबिन म्हणजे दुसरे तिसरे काही नाही. ती आवाजाची आणेवारी आहे.

आता आपल्याला इथून फार दूर, अमेरिकेत बोस्टनजवळच्या हार्वर्ड विद्यापीठात जायचे आहे. १८९५ साली तिथे फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उघडली. तिच्यात एक व्याख्यानगृह होते. दिसायला उत्तम, पण आत कोणी बोलले की काही कळत नसे. वक्त्याचा एक शब्द साडेपाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरे सहज बोलतो. तेव्हा हिशोब करा, पंचवीसाव्या अक्षराला पहिले अक्षर अजून हवेत असायचे. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स इलियट यांनी हे दुरुस्त करण्याचे काम वॉलेस क्लेमेंट सॅबाइन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकावर सोपवले. ध्वनी हा काही त्याच्या अभ्यासाचा विषय नव्हता. यावरून मला थोडा धीर आला, हे कबूल करतो.

सॅबाइनने काय केले? त्याने ऑर्गनची एक नळी घेतली, वेळ मोजण्याचे साधन घेतले आणि स्वतःचा कान घेतला. नळी वाजवायची, बंद करायची, आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंत किती वेळ लागतो ते टिपायचे. दिवसा रस्त्यावरची रहदारी, म्हणून काम रात्री. हार्वर्डमध्येच सँडर्स थिएटर नावाचे दुसरे सभागृह होते आणि तिथे आवाज चांगला लागे. तिथल्या बाकांवरच्या गाद्या सॅबाइन रात्री उचलून फॉगच्या व्याख्यानगृहात आणी, थोड्या थोड्या अंथरून वेळ मोजी आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवी. गाद्या वाढत गेल्या तसा घुमण्याचा काळ घटत गेला. सगळ्या गाद्या आणून बाकांवर, वाटांवर, मागच्या भिंतीवर लावल्या, तेव्हा तो जेमतेम एका सेकंदाच्या वर उरला.

या माणसाची शिस्त सांगण्यासारखी आहे. आपल्या अंगावरच्या कपड्यांनीसुद्धा आकड्यांत फरक पडतो असे त्याच्या ध्यानात आले. तेव्हा आधीची सगळी मोजणी त्याने रद्द केली आणि पुढे प्रत्येक वेळी तेच कपडे घालून मोजणी केली. ताळेबंद दोन रुपयांनी जुळला नाही तर रात्री नऊपर्यंत बसणारे कॅशिअर मी पाहिले आहेत. हा त्यांच्याच पंथातला.

आता मापाचा प्रश्न आला. "माझ्या खोलीत इतक्या गाद्या घातल्या" असे सांगून दुसऱ्या गावच्या माणसाला काय कळणार? गादी कोणाची, कापूस किती, कापड कोणते? हा तोच प्रश्न, हात कोणाचा आणि मूठ कोणाची. सॅबाइनने यावर सोपा तोडगा काढला. त्याने उघडी खिडकी प्रमाण मानली. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे उघडी खिडकी आवाजाच्या दृष्टीने सोळा आणे. बोस्टनची असो वा बोरिवलीची, उघडी खिडकी सारखीच. एक चौरस फूट उघडी खिडकी जेवढा आवाज घालवते, तेवढे शोषण म्हणजे एक एकक. पुढे त्याच्याच नावावरून त्या एककाला सॅबिन म्हणू लागले. मीटरमध्ये हिशोब करणारे एक चौरस मीटर खिडकी धरतात. तो सॅबिन पावणेअकरा पटींनी मोठा. विद्यार्थ्यांनी इथे घोटाळा करू नये.

मग प्रत्येक पदार्थाची आणेवारी लावता येते. मधल्या पट्टीच्या आवाजासाठी छापलेल्या तक्त्यांत साधारण असे आकडे मिळतात. गुळगुळीत संगमरवर किंवा चकचकीत टाइल, शंभरात एक. विटेवरचा गिलावा, शंभरात तीन. खिडकीची बंद काच, शंभरात अठरा. घड्या पाडून लावलेला जाड पडदा, शंभरात पन्नास. बसलेला एक माणूस साडेचार सॅबिनच्या आसपास. आवाज बारीक की जाड यावर हे आकडे बदलतात. पडदा बारीक आवाज जास्त गिळतो, ढोलाचा आवाज कमी. ते आज बाजूला ठेवू.

१८९८ साली सॅबाइनला सगळ्याचे सूत्र सापडले. खोलीचे घनफळ घनफुटांत घ्या, त्याला ०.०४९ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण सॅबिननी भागा. आवाज दहा लाखांत एक भाग उरेपर्यंत जेवढे सेकंद लागतात तो आकडा मिळतो. मीटरचे माप असेल तर ०.१६१ ने गुणायचे. बस, इतकेच. याच ज्ञानाच्या आधारे त्याने बोस्टनच्या सिम्फनी हॉलला सल्ला दिला. तो हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजी उघडला आणि आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत त्याची गणना होते.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. एक बिघा म्हणजे किती सॅबिन? नऊ फुटांची काठी धरली आणि सबंध बिघाभर उघडी खिडकी आहे अशी कल्पना केली, तर ३२,४०० सॅबिन. त्याच बिघ्यात ढेकळांची रान-माती असेल तर तक्त्याप्रमाणे शंभरात चाळीस, म्हणजे १२,९६० सॅबिन. दाट गवत असेल तर शंभरात साठ, १९,४४०. आणि बिघाभर संगमरवर घातला तर फक्त ३२४. क्षेत्र तेच, जमीन तीच, आणि उत्तरात शंभर पटींचा फरक. म्हणून ज्याने सॅबिनला क्षेत्रफळाच्या रकान्यात बसवले त्याने विद्यार्थ्यांची दिशाभूल केली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्हींचे परिमाण चौरस फूट असले म्हणून दोन्ही एक होत नाहीत. प्रत लावल्याशिवाय नुसत्या एकरावर आकारणी करणाऱ्या तलाठ्याला आपण काय म्हणू?

आणखी एक गोष्ट. हे बिघ्याचे आकडे कागदावर बरोबर असले तरी खऱ्या शेताला लावता येत नाहीत. उघड्या रानात आवाज वर गेला की गेला, डोक्यावर आभाळभर उघडी खिडकीच आहे. सॅबिनचे सूत्र भिंती आणि छत असलेल्या बंद जागेसाठी आहे. जिथे आवाज आपटून आपटून परत येतो तिथेच ते कामाचे. म्हणजे शेतात नाही, तर आपण आत्ता बसलो आहोत तिथे.

आपले सभागृह साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद आणि चौदा फूट उंच आहे. मी आणि मुलांनी टेप लावून मोजले. जमीन २,४०० चौरस फूट, तेवढेच छत, चार भिंती मिळून २,८००. आवाजाला आपटायला एकूण ७,६०० चौरस फूट जागा, म्हणजे जवळजवळ सात गुंठे. आता हिची आणेवारी लावू. फरशी गुळगुळीत, तिचे २४ सॅबिन. छताचा गिलावा, ७२. भिंतींचे ८०. चार बाय चारच्या आठ खिडक्या उघड्या ठेवल्या तर १२८. एकूण ३०४. गुंठ्याच्या भाषेत सांगायचे तर सात गुंठ्यांचे आपले सभागृह आवाजाच्या सात-बारावर एका गुंठ्यातले साडेचार आणे भरते, आणि त्यातलेही जवळपास दोन आणे खिडक्यांचे आहेत! सूत्रात घातले की रिकाम्या सभागृहाचा आकडा येतो ५.४ सेकंद. हार्वर्डच्या त्या व्याख्यानगृहापेक्षा फार वेगळा नाही.

इथे आपल्या कार्यकारिणीत जो मतभेद आहे त्याचे मूळ सापडते. काही ज्येष्ठ सभासद म्हणतात, सभागृहात काही दोष नाही, मोठ्या कार्यक्रमाला सगळे व्यवस्थित ऐकू येते. ते खोटे बोलत नाहीत. तीनशे माणसे बसली की साडेतेराशे सॅबिन माणसांचेच होतात आणि घुमणे एका सेकंदावर येते. पण रविवारच्या वर्गाला चाळीस मुले असतात. रस्त्यावरच्या रिक्षांमुळे खिडक्या लावून घ्याव्या लागतात, तेव्हा खिडक्यांचे १२८ चे २३ होतात. एकूण ३७९ सॅबिन, आणि घुमणे सव्वाचार सेकंदांच्या वर. म्हणजे वर्षातून चार वेळा येणाऱ्याला सभागृह उत्तम वाटते, आणि दर रविवारी येणाऱ्या मुलाला शिक्षकाचे निम्मे शब्द कळत नाहीत. मागे बसणाऱ्या मुलांना आपण "लक्ष नाही" म्हणून ओरडतो. मीही ओरडलो आहे.

पुढच्या बैठकीत दोन ठराव येणार आहेत. एक, भिंतींना सहा फुटांपर्यंत टाइल बसवणे. दोन, जास्त ताकदीचे लाऊडस्पीकर घेणे. फरशीसाठी ज्यांनी देणगी दिली त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे. तिच्यामुळे धूळ गेली, ओल गेली. पण भिंतीला टाइल लावली तर १,२०० चौरस फुटांची प्रत तीनवरून एकवर उतरेल. नुकसान चोवीस सॅबिनचे, फार मोठे नाही, पण पैसे खर्चून नुकसान करून घेण्यात काय शहाणपण? लाऊडस्पीकरचे तर असे की तो शब्द मोठा करतो आणि घुमणेही तेवढेच मोठे करतो. उसाला पाणी घालताना गवतालाही घातल्यासारखे ते आहे. त्याच १,२०० चौरस फुटांवर टाइलऐवजी घड्या पाडून जाड पडदे लावले, तर खिडक्या उघड्या असताना चाळीस मुलांच्या वर्गाचा आकडा दीड सेकंदाच्या आसपास येतो. बोलण्याला एक सेकंद उत्तम, दीड चालण्यासारखा.

आता तुम्ही म्हणाल, कारकुनाने कागदावर केलेला हिशोब. म्हणून आम्ही पौष महिन्यात एका शनिवारी प्रयोग केला. सॅबाइनला गाद्या मिळाल्या, आम्ही वस्तीतून गोधड्या गोळा केल्या. चाळीस गोधड्या, साधारण सहा बाय चारच्या. थंडीचे दिवस असल्यामुळे आयाबायांनी एकच अट घातली, रात्री दहाच्या आत गोधडी घरी आली पाहिजे. बारा जण होतो. खिडक्या उघड्या ठेवून आधी फुगा फोडला आणि तिघांनी तीन घड्याळांवर वेळ घेतली. सरासरी साडेचार सेकंद आली. सूत्र ४.६ सांगते. मग दोऱ्या बांधून गोधड्या भिंतींपासून वीतभर अंतरावर टांगल्या आणि पुन्हा फुगा फोडला. अडीच सेकंदांच्या आत. कानाची मोजणी ओबडधोबड असते हे मान्य करूनही, उलटा हिशोब केला तर एक गोधडी सुमारे आठ सॅबिनची भरते. तिच्या क्षेत्राच्या मानाने रुपयात साडेपाच आणे. जुन्या लुगड्यांच्या गोधडीला ही आणेवारी वाईट नाही.

दुसरा फुगा फुटल्यावर एका मुलाने मंचावरून नेहमीच्या आवाजात, ध्वनिक्षेपक न घेता, पाढे म्हणायला सुरुवात केली. मागे गोधडीची राखण करत बसलेल्या एक आजी त्याला म्हणाल्या, "एकोणीस सक चौदा नाही रे, चौदासे!" त्याची चूक होती आणि ती मागच्या भिंतीपर्यंत पोचली. या सभागृहात मी पाहिलेली अशी ती पहिलीच चूक.

माझी सूचना इतकीच, की टाइलचा ठराव पुढे ढकलावा आणि पडद्यांचे दरपत्रक मागवावे. आकडे मी वहीत मांडले आहेत, ती वही सचिवांकडे आहे. अकरावीच्या त्या विद्यार्थ्याने काठीचे काम अंगावर घेतले आहे. तो वस्तीतल्या वीस माणसांचे हात आणि मुठी मोजून काठीची सरासरी काढणार आहे, म्हणजे माझा बिघा खरा की शिपाईमामांचा, हे ठरेल.

आणि एक राहिले. त्या रात्री सगळ्या गोधड्या परत गेल्या, पण हिरव्या काठाची, मधे लाल ठिगळ असलेली एक गोधडी संस्थेच्या कपाटात अजून आहे. ज्यांची असेल त्यांनी आज जाताना घेऊन जावी.